होमस्टेवाल्यांची फसवणूक: दिवेआगरच्या एका ताईंना सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "दिवेआगरला वाडीत आमच्या चार खोल्या आहेत. मिस्टर नोकरीला पनवेलला, त्यामुळे पाहुण्यांचं सगळं मी आणि सासूबाई बघतो. मध्यंतरी 'आर्मीतून बोलतोय' म्हणून फोन आला. सहा कुटुंबांचं बुकिंग, अॅडव्हान्ससाठी त्यांनीच क्यूआर पाठवला आणि स्कॅन करा म्हणाले. शंका आली म्हणून फोन ठेवला. नंतर काही दिवसांनी ठाण्याचं एक कुटुंब बॅगा घेऊन गेटवर हजर. त्यांनी इन्स्टाग्रामवर आमच्याच घराचे फोटो बघून कोणाला तरी पैसे भरले होते. आमच्याकडे त्यांचं नावसुद्धा नव्हतं. सासूबाई म्हणतात, हे ऑनलाइन बंद करा, ओळखीचेच पाहुणे घ्या. काय करावं?"

ताई, तो फोन खोटाच होता आणि तुम्ही ठेवलात ते उत्तम केलंत. पण गेटवर आलेल्या कुटुंबाचा प्रकार मला जास्त गंभीर वाटतो. फोनवर फसला असतात तर एकदाच पैसे गेले असते. इथे तुमच्या घराचं नाव कोणीतरी रोज विकतंय. सासूबाईंच्या म्हणण्याकडे शेवटी येते. मी नागावला आमचं घर आणि आसपासच्या काही बंगल्यांचं बुकिंग सांभाळते, त्यामुळे उदाहरणं अलिबाग-मुरुडकडची येतील. श्रीवर्धन, तारकर्ली, लोणावळा, गोवा, सगळीकडे प्रकार हेच आहेत.

आधी तो फोन. त्याची चाल इतकी ठरलेली आहे की दोन-तीन वेळा ऐकलं की पुढचं वाक्य आपणच सांगू शकतो. फोन हिंदीतून येतो, आवाजात रुबाब असतो. जेवण शाकाहारी मिळेल का, गाड्या आत लागतील का, असे दोन-चार प्रश्न होतात. दर सांगितला की लगेच "ठीक है मॅडम". आपल्याकडे सहा खोल्या घेणारा माणूस दराची घासाघीस करत नाही, इथेच कान टवकारले पाहिजेत. त्यातून तुमच्या खोल्या चार आणि बुकिंग सहा कुटुंबांचं! खऱ्या माणसाने आधी विचारलं असतं, मावणार कसे म्हणून. त्यानंतर व्हॉट्सअॅपवर वर्दीतला फोटो, ओळखपत्र, आधार, कॅन्टीन कार्ड येतं. ही कागदपत्रं कधीकधी खऱ्या जवानाचीही असतात, कुठून तरी चोरलेली. म्हणून कागद खरा आहे का, हे बघत बसण्यात अर्थ नाही. कागद खरा असला तरी बोलणारा तोच कशावरून?

मग पैशांचा विषय निघतो. "मॅडम, आर्मी का पेमेंट सिस्टम अलग होता है. पहले आप पाँच रुपये डालिए, उधर से दस आएंगे." तुम्ही पाच पाठवता आणि दहा खरंच येतात. हे दहा रुपये म्हणजे त्याचं भांडवल. आता तुमचा विश्वास बसलेला असतो. तो म्हणतो, "अब पूरा अमाउंट डालिए, डबल होके आएगा." पंधरा हजार जातात, येत काहीच नाही. तुम्ही ओरडायला लागलात की "सर्व्हर में अटक गया, एक बार और कीजिए, दोनों साथ में रिलीज होंगे." लोक दुसऱ्यांदाही पाठवतात, कारण पहिले पंधरा सोडवायचे असतात.

यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना, नाहीतर शिल्लक बघताना. पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅन करावं लागत नाही, कुठलंही बटण दाबावं लागत नाही. पूर्वी हे लोक 'रिक्वेस्ट' पाठवायचे आणि आपण ती मंजूर केली की पैसे जायचे. व्यक्तीकडून व्यक्तीला जाणाऱ्या तशा रिक्वेस्ट यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केल्या. तेव्हापासून त्यांचा भर क्यूआर आणि 'टेस्ट पेमेंट' यांवर आहे. उद्या आणखी काही निघेल. म्हणून एकेक युक्ती पाठ करण्यापेक्षा त्या सगळ्यांत समान काय आहे तेवढं धरून ठेवा. हा माणूस तुमच्या घराच्या नेहमीच्या पद्धतीला अपवाद मागतो. पैसे नेहमी असे येतात, पण आमचे तसे येतील. परतावा नेहमी तिथे जातो, पण आमचा इथे पाठवा. बोलणं अॅपवर व्हायला हवं, पण आपण बाहेर बोलू.

आता अपवाद ओळखायचा तर आधी पद्धत ठरलेली हवी, आणि बहुतेक घरांत गोम इथेच आहे. आपल्याकडे पद्धत मालकाच्या डोक्यात असते आणि फोन उचलतो दुसराच कोणीतरी. मालक पनवेलला, फोन सासूबाईंकडे, नाहीतर वाडीत पाणी सोडणाऱ्या गड्याकडे. फसवणारा नेमकी हीच वेळ शोधतो. "साहेबांशी बोलणं झालंय, तुम्ही फक्त एवढं करा" हे वाक्य त्यासाठीच आहे.

आमच्याकडे फोनच्या मागे एक कार्ड चिकटवलेलं आहे. त्यावर चार ओळी आहेत: अॅडव्हान्स आमच्याच क्यूआरवर घ्यायचा. कोणाचाही क्यूआर स्कॅन करायचा नाही, कोणी पाठवलेली लिंक किंवा फाइल उघडायची नाही. पैसे खात्यात दिसल्याशिवाय खोली पक्की नाही. परतावा ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात. घरात कोणीही फोन घेतला तरी उत्तर हेच. समोरचा अडून बसला तर "अर्ध्या तासाने मालकांचा फोन येईल" एवढंच सांगून ठेवायचं. खरा पाहुणा अर्धा तास थांबतो. खोटा थांबत नाही, तो लगेच दुसऱ्या घराला फोन लावतो. आणि तुमच्या सासूबाईंचा जो स्वभाव तुमच्या पत्रात दिसतो, त्यावरून वाटतं की हे काम त्या आपल्यापेक्षा चांगलं करतील.

"पैसे खात्यात दिसल्याशिवाय" ही तिसरी ओळ वाटते तितकी सोपी नाही. स्क्रीनशॉट हा पुरावाच नव्हे, हुबेहूब हिरवी टिक दाखवणारी खोटी अॅप्स आहेत. मेसेजही खोटा येतो: तुमच्या बँकेचं नाव, "क्रेडिटेड", रक्कम, तारीख, सगळं जागच्या जागी. फक्त तो दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला असतो. बँकेचा मेसेज अक्षरांच्या नावाने येतो. घाईत हे कोण बघतं? शनिवारी सकाळी मांडव्याच्या जेट्टीवरून पाहुण्यांचे फोन चालू आहेत, गॅसवर आमटी आहे, आणि तेवढ्यात मेसेज वाजतो. म्हणून मेसेजवर जायचंच नाही. बँकेचं अॅप उघडायचं, बाकी बघायची, नोंद बघायची. पेमेंटचा आवाज करणारा डबा असेल तर बरं, पण तो तुमच्यापाशी असेल तरच उपयोग, पडवीत ठेवलेला नव्हे.

याचाच पुढचा प्रकार 'चुकून जास्त आले' हा. आठ हजार पाठवायचे होते, ऐंशी हजार गेले, बाकीचे लगेच परत करा, हॉस्पिटलची निकड आहे. बहुतेक वेळा ऐंशी हजार आलेलेच नसतात, फक्त मेसेज आलेला असतो. पण कधीकधी पैसे खरेच आलेले असतात, आणि ते प्रकरण जास्त वाईट. यावर थोडं विस्ताराने सांगते, कारण होमस्टेवाल्यांना हे ठाऊकच नसतं.

समजा मधल्या वारचं बुकिंग आलं, तीन खोल्या, दोन रात्री. पूर्ण रक्कम आगाऊ जमा. तुम्ही खूश. दुसऱ्या दिवशी फोन: घरात आजारपण, येता येत नाही, रद्द करा, वाटल्यास हजार-दोन हजार कापून घ्या, बाकीचे माझ्या भावाच्या या नंबरवर पाठवा. तुम्ही भल्या माणसासारखे पाठवून टाकता. तीन-चार आठवड्यांनी बँकेत पैसे काढायला जाता तर खातं गोठवलेलं. कुठल्यातरी दुसऱ्या राज्याच्या सायबर पोलिसांचं पत्र बँकेकडे आलेलं असतं. झालं काय? तुम्हाला आलेली रक्कम त्या 'पाहुण्या'ची नव्हतीच. ती कोणा फसवल्या गेलेल्या माणसाच्या खात्यातून निघाली, तुमच्या खात्यात आली आणि तुम्ही ती स्वच्छ करून भलत्याच खात्यात पोचवलीत. पोलिसांच्या कागदावर तुम्ही त्या साखळीतला एक दुवा आहात. कधी फक्त तेवढी रक्कम अडकवतात, कधी अख्खं खातंच बंद होतं, आणि त्यात किराणा दुकानदाराचे, सुताराचे, मुलाच्या फीचे पैसे असतात.

म्हणून कार्डावरची चौथी ओळ. परतावा ज्या यूपीआय आयडीवरून किंवा खात्यातून पैसे आले तिथेच. "ते खातं बंद झालंय" म्हणाला तर "तुमच्या बँकेकडून तसं लेखी आणा" म्हणायचं, तोवर पैसे हलवायचे नाहीत. आणि तो परतावा आपण आपल्या अॅपमधून, त्याच व्यवहाराची नोंद उघडून करायचा. त्याने पाठवलेल्या लिंकवरून नाही.

दुसरी गोष्ट, बुकिंगचं खातं वेगळं ठेवा. घरखर्चाचं, शेतीचं, पेन्शनचं खातं पाहुण्यांना कधीच देऊ नका. बुकिंगच्या खात्यातले पैसे दर दोन-चार दिवसांनी मुख्य खात्यात वळवा. खातं गोठलंच तर घर अडणार नाही. फोन नंबरही त्या कामाचा वेगळा. तशी पाळी आलीच तर बँकेकडून लेखी घ्या: कुठल्या पोलीस ठाण्याने, कुठल्या तक्रार क्रमांकावर, किती रकमेसाठी अडवलं. मग त्या ठाण्याला बुकिंगचं बोलणं, पाहुण्याची ओळख, रजिस्टरची नोंद, परताव्याचा व्यवहार क्रमांक असं सगळं पाठवायचं. हे कागद ज्याच्याकडे असतात त्याचं खातं लवकर सुटतं. ज्याने सगळं तोंडी केलं, तो फेऱ्या मारत बसतो.

आता गेटवरच्या कुटुंबाकडे येऊ. कोणीतरी तुमच्या घराचे फोटो उचलले, इन्स्टाग्रामवर तुमच्याच नावाला एखादी टिंब-रेघ जोडून पान काढलं, दर तुमच्यापेक्षा तीस-चाळीस टक्के कमी लावले आणि पूर्ण अॅडव्हान्स घेऊन तो मोकळा झाला. थर्टीफर्स्ट, होळी, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या हा त्यांचा हंगाम. आय-फोर-सी, म्हणजे केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये केदारनाथ-चारधामच्या यात्रेकरूंसाठी अशा बनावट बुकिंगविषयी जाहीर इशारा दिला होता. किनाऱ्यावर तोच धंदा बंगल्यांच्या फोटोंवर चालतो. भोळे लोकच फसतात असंही नाही. शुक्रवारी रात्री ऑफिसातून निघताना माणूस फोनवर खोली शोधतो, फोटो आवडतो, "दोनच रूम शिल्लक" असं उत्तर येतं, आणि पैसे जातात.

ते कुटुंब पुन्हा आलं, म्हणजे तसं दुसरं कोणी आलं, तर काय करायचं? भांडू नका आणि फुकट राहायलाही देऊ नका. त्यांना पाणी द्या, बसवा, आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्याच फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावायला सांगा. ज्याचे पैसे गेले तक्रार त्यानेच करायची असते, तुम्ही करून चालत नाही. खोली रिकामी असेल तर नेहमीच्या दराने द्या, जेवणात काही सवलत द्यायची तर तुमची मर्जी. त्यांच्याकडून त्या पानाचे स्क्रीनशॉट, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो, आणि बोलणं झालं तो नंबर मागून घ्या. हे तीन तुकडे घेऊन तुमची वेगळी तक्रार करा, आपल्या घराचं नाव आणि फोटो वापरून लोकांना फसवलं जातंय म्हणून. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड आणि भारतीय न्याय संहितेतली ३१८, ३१९ ही कलमं याला लागतात, ठाण्यात अर्ज देताना उल्लेख करा. या अर्जाची शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. उद्या एखादा चिडलेला पाहुणा तुमच्याविरुद्धच तक्रार द्यायला निघाला तर ती कामाला येते. माझ्या माहितीत असा राग मालकावरच निघतो, कारण समोर उभा तोच असतो.

पान बंद पाडायला 'फेक अकाउंट' म्हणून रिपोर्ट करत बसलात तर हात दुखतील. फोटो तुमचे आहेत, तुमच्या फोनमध्ये मूळ फाइल आहे, तेव्हा कॉपीराइटची तक्रार करा. त्या तक्रारीचा फॉर्म वेगळा असतो आणि माझ्या अनुभवात त्याला लवकर उत्तर येतं. नवे फोटो काढाल तेव्हा कोपऱ्यात नाव टाकू नका, ते कापता येतं. घराच्या नावाची पाटी आणि नंबर फोटोच्या मधोमध येईल असं काढा: झोपाळ्यावर पाटी टेकवून, नाहीतर विहिरीच्या कठड्यावर. दिसायला थोडं विचित्र दिसतं, हरकत नाही.

गूगल मॅप्सवर तुमचं घर असेल आणि त्याची मालकी तुम्ही स्वतःच्या नावाने घेतलेली नसेल, तर ती आज घ्या. तिथे कोणीही 'बदल सुचवा' म्हणून फोन नंबर बदलायचा प्रयत्न करू शकतो. नंबर बदलला गेला तर पाहुणा तुमचं नाव शोधतो आणि फोन जातो भलतीकडे. महिन्यातून एकदा दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर आपलं घर शोधायचं आणि कुठला नंबर दिसतो ते बघायचं.

पाहुण्यालाही एक साधन देऊन ठेवा. यूपीआयने पैसे पाठवण्याआधी अॅप समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवतं. तुमच्या उत्तराच्या मेसेजमध्येच लिहा: पैसे पाठवताना अमुक हेच नाव दिसेल, दुसरं दिसलं तर थांबा आणि या नंबरवर फोन करा. हे वाक्य तुमच्या खऱ्या पानावर, व्हॉट्सअॅपच्या माहितीत, सगळीकडे टाका. सरकारी नोंदणीचा क्रमांकही टाका. आपल्याकडे पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजना आहे, गोव्यात तर होमस्टेची पर्यटन खात्याकडे नोंदणी सक्तीचीच आहे. नोंदणीने चोर पळत नाहीत, पण विचारपूस करणाऱ्या पाहुण्याला पडताळायला काहीतरी मिळतं.

तुम्ही सध्या एअरबीएनबी किंवा बुकिंग डॉट कॉमवर आहात की नाही, हे लिहिलेलं नाही. जाणार असाल तर तिथला धोका वेगळ्या जातीचा आहे. तिथे पैसे कंपनी गोळा करते, एअरबीएनबीवर पाहुणा आल्यानंतर साधारण २४ तासांनी आपल्याकडे निघतात, त्यामुळे खोट्या पेमेंटचा त्रास संपतो. पण आता चोराला तुमचं लॉगिन हवं असतं. २०२३ पासून जगभर हॉटेलवाल्यांना एक मेल येत होता: मी तुमच्याकडे राहून गेलो, पासपोर्ट विसरलो, हा त्याचा फोटो बघा. फोटो म्हणून जी फाइल असायची ती उघडली की संगणकातले पासवर्ड चोरीला. मग चोर तुमच्याच खात्यात शिरून, तुमच्या खऱ्या पाहुण्यांना, त्या अॅपच्याच चॅटमधून लिहितो: कार्ड पडताळा, नाहीतर बुकिंग रद्द होईल. पाहुण्याला शंका येण्याचं कारणच नाही, संदेश तुमच्या नावाने आलेला.

मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने याच्या पुढच्या अवताराची माहिती दिली. डिसेंबर २०२४ पासून बुकिंग डॉट कॉमच्या नावाने खोटे मेल जात होते, आणि ज्या भागांत जात होते त्यांत दक्षिण आशियाही होता. मेलचा विषय साधा: पाहुण्याने वाईट अभिप्राय दिलाय, उत्तर द्या. लिंक उघडली की 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' अशी खिडकी. तिथपर्यंत सगळं ओळखीचं. मग ती सांगते: विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. हे केलं की तुम्ही स्वतःच्या हाताने चोराचं सॉफ्टवेअर चालू केलेलं असतं. कुठलीही खरी वेबसाइट अशी बटणं दाबायला सांगत नाही. मुलगा कॉलेजातून आला की त्याच्याच लॅपटॉपवर तुमचं बुकिंग बघत असाल तर हे त्यालाही सांगा, कारण पोरं अशा खिडक्यांना सरावलेली असतात आणि वाचत नाहीत. असा मेल आला तर लिंक सोडून द्या, अॅप वेगळं उघडा. अभिप्राय खरा असेल तर तिथे दिसेलच. दोन टप्प्यांचं लॉगिन लावा आणि मेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका.

मोबाइलवर याचंच भावंड म्हणजे एपीके फाइल, जी उघडली की फोनमध्ये अॅप बसतं. लग्नपत्रिका आणि आरटीओ चलान म्हणून ती आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर फिरतेच आहे. उद्या 'पाहुण्यांची यादी' म्हणून आली तर उघडू नका. आणि "पेमेंट अडकलंय, हे अॅप टाका, मी मदत करतो" असं कोणी म्हणालं तर तो तुमचा स्क्रीन बघणार आहे. एनीडेस्कसारख्या अॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं, पण ती युक्ती अजून चालते.

अॅपवर ओळख झालेला पाहुणा "बाहेर बोलू, कमिशन वाचेल" म्हणाला तर मोह होतो, मला कळतं, कमिशन डोळ्यांत खुपतंच. पण बाहेर गेलात की कंपनीचं संरक्षण संपलं. तुटफुटीची भरपाईही अॅपवरच्या बुकिंगलाच मिळते. एअरबीएनबीकडे चेकआउटपासून १४ दिवसांत भरपाई मागावी लागते आणि फोटो द्यावे लागतात. त्यासाठी प्रत्येक पाहुणा यायच्या आधी खोलीचा एक सलग व्हिडिओ काढून ठेवायचा, दारापासून बाथरूमपर्यंत, गिझर आणि टीव्ही चालू करून. "पैसे परत द्या नाहीतर वाईट रिव्ह्यू टाकतो" असं कोणी धमकावलं तर ते लेखी येऊ द्या, फोनवर वाद घालू नका. अॅपच्या चॅटमध्ये आलेली धमकी कंपनीला दाखवता येते, फोनवरची नाही.

घरातल्या माणसांबद्दल लिहायला अवघड वाटतं, पण लिहिते. तुम्ही तिथेच राहता म्हणून तुम्हाला हा त्रास कमी. ज्यांचे बंगले केअरटेकरवर आहेत, त्यांच्याकडे मालकाच्या नकळत मधल्या वारी रोखीत खोल्या दिल्या जातात. विजेच्या मीटरचं रीडिंग दर सोमवारी मागवलं की हे कळतं. कोणावर आरोप करावा लागत नाही, आकडा बोलतो.

ओळखपत्राशिवाय कोणालाही घेऊ नका, दहा मिनिटांसाठी आलेत म्हणाले तरी. गटातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही. आधार असेल तर शेवटचे चार आकडेच दिसणारं घ्या, आणि कार्डावरचा क्यूआर यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या अॅपने तपासता येतो, रंगीत झेरॉक्सवर विश्वास ठेवायची गरज नाही. पाहुण्यांचे आधार फोनच्या गॅलरीत पडू देऊ नका. परदेशी पाहुणा असेल तर त्याच्या मुक्कामाची, ज्याला आपण अजून सी फॉर्म म्हणतो ती माहिती सरकारकडे २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते, घरगुती होमस्टेलाही. अनिवासी भारतीय नातेवाईक घेऊन एखादं कुटुंब आलं तर त्यांचा पासपोर्ट कोणत्या देशाचा हे विचारा. आडनाव जोशी असलं तरी पासपोर्ट अमेरिकेचा असू शकतो.

आणि कोणी महिनाभरासाठी संपूर्ण घर मागितलं, जेवण नको, झाडलोट नको, फक्त वायफाय जोरात हवं आणि कोणी आत यायचं नाही, तर नकोच म्हणा. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने इगतपुरीतल्या एका रिसॉर्टवर छापा घातला, तिथे जागा भाड्याने घेऊन अॅमेझॉनच्या नावाने अमेरिका-कॅनडातल्या लोकांना फसवणारं कॉल सेंटर चालू होतं. आयपीएलच्या दिवसांत सट्टेवालेही अशाच जागा शोधतात. खरंच कोणाला लांबचा मुक्काम हवा असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार करा, होमस्टेच्या रजिस्टरवर महिना काढू देऊ नका.

पैसे गेलेच तर? १९३० वर फोन, तोही लगेच. हे पैसे काही तासांत चार-पाच खात्यांतून फिरून बाहेर निघतात. तक्रार लवकर गेली तर मधल्या कुठल्यातरी खात्यात ते अडवता येतात, दुसऱ्या दिवशी सकाळी फारसं काही उरत नाही. फोन लावण्याआधी व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी कागदावर लिहून घ्या, तिकडून तेच विचारतात. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर स्वतः भरा. त्यासोबत बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तेव्हा लाज वाटून रात्रभर गप्प बसणं महागात पडतं. पैसे गेले नाहीत, फक्त फोन आला, अशा वेळी दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षु' या सोयीत तो नंबर नोंदवता येतो. तुमच्या आर्मीवाल्याचा नंबर अजून फोनमध्ये असेल तर नोंदवून टाका.

राहिलं सासूबाईंचं म्हणणं. ओळखीचेच पाहुणे घेतले तर मे महिना आणि दिवाळी निघेल, पण जुलैतल्या बुधवारी दिवेआगरला ओळखीचं कोण येणार? आणि एक अडचण आहे: तुम्ही ऑनलाइन बंद केलंत तरी तुमच्या घराचे फोटो तिथेच राहणार आहेत. खरं पान बंद आणि खोटं चालू, अशी स्थिती झाली तर ठाण्याचं पुढचं कुटुंब पडताळणार कशाशी? म्हणून पान चालू ठेवा, नंबर ठळक ठेवा. अॅडव्हान्सही बंद करू नका. अॅडव्हान्स नसेल तर पाहुणे तीन घरी बुकिंग करतात आणि एकाच घरी जातात. नेहमीच्या दिवसांना एका रात्रीचं भाडं, थर्टीफर्स्टला एकूण भाड्याच्या निम्मं, एवढं पुरतं. पूर्ण रक्कम आधी मागूच नका, म्हणजे "पूर्ण रक्कम भरा" म्हणणारं पान खोटं, हे तुमच्या जुन्या पाहुण्यांनाही ओळखता येईल. त्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर आजच तिथे त्या खोट्या पानाचा स्क्रीनशॉट आणि तुमचा खरा नंबर टाका. दिवेआगरमधल्या बाकीच्या घरांनाही विचारा, कारण असं पान काढणारा सहसा एकाच घराचे फोटो उचलून थांबत नाही, आणि पाच-सहा घरांनी मिळून दिलेला अर्ज ठाण्यात वेगळ्या नजरेने बघतात.